अप्रभावी बीजदोष : निरोगी माता-पित्यांचे रुग्ण अपत्य

माता-पिता दोघेही धडधाकट, दोन्ही कुळांत असा आजार कोणाला झाल्याचे ऐकिवात नाही. मग या बालकालाच का? सिकलसेलच्या संदर्भात हा प्रश्न विदर्भातील व नंदुरबार परिसरातील वैद्यांना नित्याचा आहे. त्याचे उत्तर नीट मिळाले नाही तर घरातील मंडळी ते स्वतःच शोधतात, आणि बहुधा दोष सुनेच्या माथी येतो.

सुश्रुतसंहितेने शुक्रशोणिताच्या दोषातून उद्भवणाऱ्या व्याधींना आदिबलप्रवृत्त म्हटले असून त्यांचे मातृज व पितृज असे दोन भेद केले आहेत. चरकसंहितेच्या शारीरस्थानात बीज, बीजभाग व बीजभागावयव यांच्या दुष्टीचा विचार आहे. या संकल्पना म्हणजेच आधुनिक जनुकशास्त्र, असा दावा करणे उचित नव्हे. तथापि दोष बीजाच्या एखाद्या सूक्ष्म अंशातच असू शकतो, हा विचार आपणांस परका नाही. अप्रभावी व्याधीचे वैशिष्ट्य असे की, ती केवळ मातृज नसते वा केवळ पितृजही नसते. दोघांकडून एकेक सदोष जनुक आल्यावाचून ती प्रकट होत नाही.

हे तत्त्व ग्रेगोर मेंडेल यांनी वाटाण्यावरील प्रयोगांतून १८६६ साली प्रसिद्ध केले. पिवळ्या व हिरव्या दाण्यांच्या संकरातून पहिल्या पिढीत सर्व दाणे पिवळे निघाले. दुसऱ्या पिढीत मात्र ६०२२ पिवळ्यांसोबत २००१ हिरवे दाणे मिळाले. हिरवा गुण नष्ट झाला नव्हता. तो एक पिढी दडून राहिला होता.

सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. एक जनुक सदोष असणारी व्यक्ती 'एएस' म्हणजे वाहक होय. तिला सहसा कोणताही त्रास जाणवत नाही. दोन्ही जनुके सदोष असणारी व्यक्ती 'एसएस' म्हणजे रुग्ण होय. दोन वाहकांचा विवाह झाल्यास प्रत्येक गर्भधारणेत अपत्य रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के व पूर्णतः निर्दोष असण्याची २५ टक्के असते. वाहक व निर्दोष यांच्या अपत्यांत सिकलसेलचा रुग्ण होत नाही. निम्मी अपत्ये वाहक होऊ शकतात. रुग्ण व वाहक यांच्या विवाहात मात्र रुग्ण अपत्याची शक्यता ५० टक्क्यांवर जाते.

येथे दोन गैरसमज आढळतात. पहिले अपत्य रुग्ण निघाले, आता पुढची तीन सुरक्षित, हा त्यांपैकी एक. प्रत्येक गर्भधारणा स्वतंत्र असते. मागील अपत्याचा हिशेब पुढच्यास लागू होत नाही. दुसरा गैरसमज म्हणजे रुग्णाचे निरोगी भावंड निर्दोषच असणार. दोन वाहकांच्या निरोगी अपत्यांत वाहक असण्याची शक्यता दोन-तृतीयांश असते. म्हणून अशा भावंडांची विवाहापूर्वी तपासणी अगत्याची आहे.

चरकाच्या शारीरस्थानातील दुसऱ्या अध्यायाचे नावच अतुल्यगोत्रीय आहे. गोत्र मात्र पितृकुलावरून मोजले जाते. महाराष्ट्रात अनेक समाजांत मामेबहिणीशी विवाहाची चाल असून तेथे गोत्र भिन्न असले तरी रक्त एकच असते. सख्ख्या आते-मामे भावंडांत सरासरी एक-अष्टमांश जनुके समान पूर्वजांकडून आलेली असतात. साहजिकच दडलेले दोन समान दोष एकत्र येण्याचा संभव वाढतो.

व्यवहारात पुढील गोष्टी ध्यानी घ्याव्यात. सोल्युबिलिटी चाचणी ही केवळ प्राथमिक आहे. वाहक व रुग्ण हा भेद तिने कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस अथवा एचपीएलसी करावी. जोडीदार बीटा थॅलसेमियाचा वाहक असल्यासही अपत्यास सिकलसेलसदृश गंभीर व्याधी होऊ शकते, हेही एचपीएलसीमुळे ध्यानात येते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानास प्रारंभ झाला असून त्यात तपासणी व समुपदेशनावर भर आहे. दोघेही वाहक असलेल्या दांपत्यास गर्भावस्थेच्या आरंभीच गर्भजल वा तत्सम परीक्षणाच्या सल्ल्यासाठी तज्ज्ञांकडे पाठवावे.

पांडुता दिसली म्हणून लोहाचा अभाव गृहीत धरू नये. येथे रक्तकण अकाली नष्ट होतात; वारंवार रक्त दिलेल्या रुग्णाच्या शरीरात लोह उलट साचलेले असू शकते. म्हणून लोहभस्म वा मंडूरकल्प देण्यापूर्वी रक्ततपासणी व्हावी. औषधविक्रेत्यांनीही 'रक्तवाढीचे औषध' मागणाऱ्या अशा ग्राहकास आधी वैद्याकडे धाडावे. शरीरातील जलांश घटल्यास वेदनेचा तीव्र वेग येतो. त्यामुळे विरेचन, तीव्र स्वेदन यांबाबत विशेष सावधगिरी हवी. ज्वर आल्यास रुग्णालयात पाठविण्यास विलंब करू नये. चालू असलेले हायड्रॉक्सियुरिया आपल्या सांगण्यावरून बंद होता कामा नये.

वाहक असणे हा रोग नव्हे, कलंक तर नव्हेच. मलेरियाच्या प्रदेशांत या एका जनुकानेच वाहकांना घातक फॅल्सिपेरम मलेरियापासून संरक्षण दिले, म्हणूनच ते टिकले. कुटुंबाचा वैद्य हीच गोष्ट पती-पत्नी दोघांना समोरासमोर बसवून सांगू शकतो. दोष असलाच तर तो दोघांकडून समान आला आहे, एवढे एक वाक्य एखाद्या घरातील सुनेचे आयुष्य सुसह्य करण्यास पुरेसे ठरते.