घोडेस्वारी : खेळ की नुसती सवारी?

कुस्ती, मल्लखांब, आट्यापाट्या किंवा धावण्याची शर्यत यांना खेळ म्हणावयास कोणाचीच हरकत नसते. घोडेस्वारीचे नाव निघाले की मात्र एक शंका हटकून पुढे येते. धावतो घोडा, घाम येतो घोड्याला, आणि हार पडतो स्वाराच्या गळ्यात! मग खेळाडू कोणाला म्हणावयाचे? शंका वरवर थट्टेची दिसली, तरी तिचा निकाल लावणे वाटते तितके सोपे नाही.

कन्नडच्या परिसरात तरी ही शंका नवीनच म्हटली पाहिजे. औरंगाबादेहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगराहून, खानदेशाकडे निघालेला रस्ता दौलताबाद व वेरूळ ओलांडून कन्नडास येतो आणि पुढे औट्रम घाटाने चाळीसगावच्या अंगास उतरतो. वेरूळ हे मालोजी भोसल्यांचे गाव. मलिक अंबराच्या पदरी राहून मोगली फौजांना जेरीस आणणारे मराठे स्वार याच पठारावर वावरले. त्यांच्या लेखी घोड्यावर बसणे हा छंद नव्हता. ते पोटाचे साधन होते, आणि प्रसंगी प्राण वाचविण्याचेही. त्याला खेळ म्हणावे की नाही, हा प्रश्न पडावयास त्यांना सवड नव्हती.

तथापि त्या स्वारांनी एक शब्द मागे ठेवला आहे, आणि प्रश्नाचे उत्तर बरेचसे त्यातच सापडते. तो शब्द म्हणजे ‘मांड’. अमक्याची मांड पक्की आहे असे म्हटले, की तो घोड्यावर नुसता बसलेला नाही, घोड्याशी जडलेला आहे, असा अर्थ होतो. हे जडणे कसे साधते ते पाहण्यासारखे आहे.

सावकाश चालणारा घोडा चारी पाय एकामागून एक टाकतो. तेव्हा स्वाराला विशेष काही करावे लागत नाही. तोच दुडक्या चालीवर आला, की पुढचा एक पाय आणि त्याच्या तिरकस समोरचा मागचा पाय अशी जोडी एकदम पडते, आणि दर पावलागणिक स्वार वर उसळतो. नवशिक्या खोगिरावर आपटत राहतो. जाणता स्वार एक तर रिकिबीवर तोल घेऊन तालात उठतो-बसतो, नाही तर तो धक्का कंबरेत आणि पोटाच्या स्नायूंत जिरवून टाकतो. घोडा चौखूर उधळला म्हणजे प्रत्येक झेपेत चारी पाय जमिनीपासून सुटल्याचा एक क्षण येतो. त्या क्षणीही मांड्यांची पकड सुटता कामा नये, आणि ती इतकी आवळताही कामा नये की घोडा बुजेल. हे सर्व चालू असता हात मात्र शांत राहिले पाहिजेत. कारण लगामाचे लोखंड घोड्याच्या जिभेवर व दात नसलेल्या नाजूक हिरडीवर टेकलेले असते. स्वाराने तोल सावरण्यासाठी लगामाला हिसका दिला, तर त्याची शिक्षा घोड्याला होते. सारे अंग हलत असता हात तेवढे स्थिर ठेवून पाहावेत, म्हणजे यातील कष्टांची कल्पना येईल.

शरीरशास्त्रज्ञांनी या कष्टांचे मापही घेतले आहे. स्वस्थ बसलेल्या माणसाला जितकी शक्ती खर्चावी लागते, तिच्या जवळजवळ 4 पट शक्ती साध्या चालीत स्वाराला लागते. दुडक्या चालीत सुमारे 6 पट, भरधाव दौडीत 7 पटींहून अधिक, आणि अडथळ्यांवरून उड्या घेताना सुमारे 9 पट. कष्ट आहेत, पण ते दिसत नाहीत, एवढीच अडचण. किंबहुना ते दिसू लागले की स्वार कच्चा आहे असे समजावे.

अर्थात घोड्यावर बसलेला प्रत्येक मनुष्य खेळाडू ठरतो असे नव्हे. माथेरानला दुसऱ्याने लगाम धरलेल्या घोड्यावरून हिंडणारे गृहस्थ आणि वरातीतील नवरदेव हे प्रवासीच होत. माथेरानच्या चढावर खरा व्यायाम घडतो तो घोड्याबरोबर पायी चालणाऱ्या घोडेवाल्याला!

येथे विरोधी पक्षाची दोन बलवत्तर उदाहरणे सांगितली पाहिजेत. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये जपानचे हिरोशी होकेत्सू वयाच्या 71 व्या वर्षी घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेत उतरले. त्याच स्पर्धेत 1952 साली हेलसिंकी येथे डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी रौप्यपदक मिळविले. आणि त्यांचे पाय पोलिओमुळे गुडघ्यांखाली लुळे पडलेले होते. ज्या खेळात एकाहत्तरीचा वृद्ध आणि पाय लुळे पडलेली स्त्री उतरू शकतात, त्याला अंगमेहनतीचा खेळ कसे म्हणावे? प्रश्न रास्त आहे. परंतु हार्टेलबाईंना पायाच्या इशाऱ्यांचे काम कंबरेने व शरीराच्या भाराने करावे लागले. म्हणजे मेहनत कमी झाली नाही, तिने जागा बदलली. होकेत्सूंच्या वयावरून मात्र एवढे कबूल केलेच पाहिजे की, या खेळात निव्वळ दमापेक्षा तोल आणि दीर्घ अभ्यास यांना अधिक किंमत आहे. धावण्याच्या शर्यतीशी त्याची तुलना करू नये, मल्लखांबाशी करावी. फरक इतकाच, की येथे खांबाला स्वतःची मर्जी असते.

ही मर्जीच वादाचे खरे मूळ होय. चांगला घोडा लाभला तर कोणीही जिंकेल, असे आक्षेपकांचे म्हणणे. याची कसोटी एकच : घोडा बदलून पाहावा. शिवछत्रपतींच्या पागेत शिलेदार व बारगीर असे दोन प्रकारचे स्वार असत. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, तर बारगिराला तो सरकारी पागेतून मिळे. सभासदाच्या बखरीप्रमाणे 25 बारगिरांवर एक हवालदार आणि 5 हवालदारांवर एक जुमलेदार, अशी रचना होती. घोडा सरकारचा, मांड तेवढी बारगिराची.

युरोपातही हाच विचार एका खेळाच्या रूपाने आला. 1912 पासून ऑलिंपिकमध्ये असलेल्या आधुनिक पंचक्रीडेत तलवारबाजी, पोहणे, नेमबाजी व धावणे यांच्या जोडीला घोडेस्वारी होती, आणि घोडा चिठ्ठीने मिळे. ओळख करून घ्यावयास अवघी 20 मिनिटे. 2021 साली तोक्योत जर्मनीच्या आनिका श्लॉय आघाडीवर होत्या. परंतु वाट्यास आलेला ‘सेंट बॉय’ हा घोडा उडी घेण्यास राजी होईना, आणि त्या 31 व्या क्रमांकावर फेकल्या गेल्या. त्यावर एवढा गहजब झाला की 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकनंतर घोडेस्वारी त्या खेळातून काढून टाकण्यात आली. घोड्याच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच म्हणावा लागेल. पण त्याबरोबर स्वाराची निखळ परीक्षाही गेली.

हिंदुस्थानापुरते पाहावयाचे तर 1982 च्या दिल्लीतील आशियाई सामन्यांत घोडेस्वारीने 3 सुवर्णपदके मिळवून दिली. त्यांतील एक, घोड्यावरून दौडत येऊन भाल्याने जमिनीतील मेख उपटण्याच्या जुन्या लष्करी खेळात होते. त्यानंतरचे सुवर्णपदक 41 वर्षांनी, 2023 साली हांगचौ येथे आले. शिस्तबद्ध चालींच्या त्या विजयी चमूत मुंबईचे हृदय छेडा होते, आणि सुदिप्ती हजेला व दिव्यकृती सिंह या दोन तरुणी होत्या. स्त्रीपुरुष एकाच पंक्तीत, कसलीही सवलत न मागता लढतात असा ऑलिंपिकमधला हा विरळा खेळ आहे.

मग तो आपल्या मुलांच्या वाट्यास का येत नाही? या चमूतील स्वारांना शिक्षणासाठी युरोपात राहावे लागले, यातच उत्तर आहे. 1948 साली स्वीडनचे सुवर्णपदक, एक स्वार खरा अधिकारी नव्हता एवढ्यावरून, मागाहून हिरावले गेले होते. हुद्द्याची ती अट 1952 साली गेली. पैशाची अद्याप गेलेली नाही. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतील छात्रांना सरकारी घोड्यावर मांड शिकावयास मिळते. इतरांना घोडा परवडला पाहिजे.

आणि तरीही कन्नडचा घाट उतरून खानदेश ओलांडला, की तापीकाठी सारंगखेड्यास दत्तजयंतीच्या यात्रेत दरसाल घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तेथे घेणारा गडी कधी न पाहिलेल्या जनावरावर मांड टाकतो आणि चार पावलांत त्याची चाल ओळखू पाहतो. त्याला 20 मिनिटेही कोणी देत नाही.