मागच्या पॅनेलवरचा 24 पिनांचा कारभार

साठच्या दशकात मोजमापाची इलेक्ट्रॉनिक उपकरणं झपाट्यानं शहाणी होत होती, पण एकमेकांशी त्यांची बोलचाल नव्हती. डिजिटल मीटरनं दाखवलेला आकडा बाहेर काढायची सोय मागच्या बाजूला असे. मात्र प्रत्येक अंकाला चार तारा या हिशेबानं सहा आकडी काउंटरला नुसत्या आकड्यासाठी 24 तारा लागत. दशांशचिन्ह, रेंज, ‘मोजून झालं’ हा इशारा, यांच्या तारा निराळ्या. प्रत्येक उपकरणाचा जोड वेगळा आणि तारांचा क्रमही वेगळा, त्यामुळे संगणकाला जोडायचं तर दरवेळी नवं कार्ड बनवायचं. विमानं किंवा रडार यांचे भाग शेकड्यांनी तपासणाऱ्यांचा निम्मा जीव मोजण्यात जाई, निम्मा जोडण्यात.

यातून वाट काढली अमेरिकेतल्या हुलेट-पॅकार्डनं. कंपनीच्या अभियंत्यांनी आपली कल्पना ‘हुलेट-पॅकार्ड जर्नल’च्या ऑक्टोबर 1972च्या अंकात मांडली आणि 1975 साली ती ‘आयईईई 488’ या नावानं प्रमाण झाली. एचपी तिला ‘एचपी-आयबी’ म्हणत राहिली. प्रतिस्पर्ध्यांना ते नाव पचणं शक्यच नव्हतं, म्हणून बाकीच्यांनी ‘जीपीआयबी’ असा नि:पक्ष शब्द धरला. प्रयोगशाळांत आज तोच चालतो.

रचना थोडक्यात अशी. 24 पिनांपैकी 16 कामाच्या, उरलेल्या जमीन आणि शील्डच्या. कामाच्या 16 पैकी आठ तारा माहितीच्या, पाच कारभाराच्या आणि तीन हँडशेकच्या. एका बसवर, म्हणजे तारांच्या एका सामाईक जोडणीवर, कंट्रोलर धरून 15 उपकरणं. प्रत्येकाला पत्ता. एका वेळी बोलणारा एकच, ऐकणारे कितीही. कोणी बोलायचं आणि कोणी ऐकायचं हे कंट्रोलर ठरवतो. एखाद्या उपकरणाला मध्येच काही सांगायचं असेल तर त्यासाठी वेगळी तार आहे. ती ओढली की कंट्रोलर एकेकाला विचारत हाक कोणाची ते शोधून काढतो.

पण या सगळ्याचा प्राण त्या तीन तारांत आहे. बोलणारा एक बाइट तारांवर ठेवतो आणि थांबतो. ‘मी तयार नाही’ ही तार एकानं जरी खाली ओढून धरली तरी ती सगळ्यांसाठी खालीच राहते. शेवटच्यानं सोडल्यावरच ती वर येते. ‘मला अजून मिळालं नाही’ ही तारही तशीच. पंगतीत शेवटच्या पानावर वाढून होईपर्यंत कोणी घास उचलत नाही, तसा हा प्रकार. सगळ्यात मंद ऐकणाऱ्याच्या चालीनं बस चालते आणि म्हणूनच तिच्यावर माहिती हरवत नाही. प्रमाणात वेगाची मर्यादा सेकंदाला सुमारे 10 लाख बाइट लिहिली असली, तरी रेंगाळणारा प्लॉटर ऐकत बसला की ती कागदावरच राहायची. माझ्या मते याहून समंजस निर्णय त्या काळच्या कुठल्या इंटरफेसमध्ये झाला नाही. वीस वर्षांच्या अंतरानं बनलेली दोन उपकरणं, घड्याळाचा वेग जुळवण्याची भानगड न करता, एकाच केबलवर नांदू शकतात ती यामुळेच.

केबल मात्र दांडगी. जोड एकावर एक रचता येतो, ही सोय मोठी. पण चार जोड चढले की उपकरण मागून ओणवं होईल की काय अशी भीती वाटते. एकूण लांबी 20 मीटर किंवा दर उपकरणामागे दोन मीटर, यांतलं जे कमी ते. बसवरची निदान दोनतृतीयांश उपकरणं चालू असावीत, अशीही अट. स्क्रूंची गंमत तर वेगळीच: रुपेरी असतील तर आटे इंची, काळे असतील तर मेट्रिक. रुपेरी जबरदस्तीनं काळ्यात पिळणारे महाभाग प्रत्येक लॅबमध्ये सापडतात.

तार जुळली, पण भाषा? 1975च्या प्रमाणानं बाइट कसा पोचवायचा ते सांगितलं, त्या बाइटचा अर्थ काय याबद्दल ते गप्प होतं. त्यामुळे एचपीच्या 3478ए या मल्टिमीटरला ‘एफ1’ म्हटलं की तो डीसी व्होल्ट मोजे, तर कीथलीच्या काही मीटरांत त्याच ‘एफ1’चा अर्थ एसी व्होल्ट होता. वाक्य कुठे संपलं याची खूणही ज्याची त्याची. मीटर बदलला की अख्खा प्रोग्रॅम नव्यानं लिहा! ही खरी डोकेदुखी होती आणि तिच्यावर इलाज व्हायला 15 वर्षं लागली. 1987च्या 488.2नं शिस्त घातली: बोलताना काटेकोर राहा, ऐकताना उदार. ‘तू कोण’ हा प्रश्न सगळ्यांसाठी एकच झाला. उत्तरात कंपनी, मॉडेल, अनुक्रमांक आणि आवृत्ती. 1990 साली ‘स्किपी’ ही आज्ञांची सामाईक भाषा आली आणि व्होल्ट मोजायची आज्ञा कुठल्याही कंपनीच्या मीटरला बहुतांशी एकच झाली. ‘बहुतांशी’ हा शब्द कोणी विसरू नये.

पैसा कोणी केला? टेक्सासातल्या ऑस्टिनमध्ये जेम्स ट्रुचार्ड, जेफ कोडोस्की आणि बिल नॉवलिन यांनी 1976 साली नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स काढली. पहिला माल होता पीडीपी-11 संगणकाचं जीपीआयबी कार्ड. दहा वर्षांनी त्यांनी मॅकिंटॉशसाठी लॅबव्ह्यू आणलं आणि ओळी लिहिण्याऐवजी पडद्यावर तारा जोडून प्रयोग चालवणारी एक पिढी तयार झाली. आपल्या विद्यापीठांच्या पदार्थविज्ञान विभागांतही नमुना थंड करत रात्रभर रोध मोजणारे संशोधक याच वाटेनं गेले. कमोडोरनं 1977च्या पेट संगणकात ही बस डिस्क ड्राइव्हसाठी घेतली. पुढे कमोडोर 64च्या मुलांनी गेम चढवताना टाइप केलेला ‘8’ हा त्याच घराण्यातला पत्ता.

आता नव्या उपकरणांवर यूएसबी आणि लॅन असतात. पण यूएसबीच्या मापन-प्रमाणात 488 नावाचा उपविभाग आहे आणि लॅनवरूनही प्रश्न तोच जातो: तू कोण? तार गेली, व्याकरण राहिलं. उलट उदाहरणही आहे. 1989चा 3458ए हा साडेआठ आकडी मल्टिमीटर, त्यावरचं नाव एचपीचं अ‍ॅजिलेंट आणि अ‍ॅजिलेंटचं कीसाइट झालं तरी विकला जात राहिला, मागे फक्त जीपीआयबी घेऊन. आणि स्किपी त्याला येतच नाही, तो स्वतःची जुनी बोली बोलतो. कॅलिब्रेशनवाले तरीही त्यालाच मानतात. संगणक पाच-सात वर्षांत बदलतो, चांगला मीटर तीस वर्षं टिकतो. जीपीआयबी जगली ती या फरकावर, वेगावर नव्हे.

म्हणून आपल्या महाविद्यालयांना आणि तंत्रनिकेतनांना एक सांगणं. ‘संगणकाला जोडता येत नाही’ असा शेरा मारून एखादं जुनं उपकरण निर्लेखनाच्या यादीत घालण्याआधी त्याचं मागचं पॅनेल पाहा. तिथे 24 पिनांचा जोड असेल तर यूएसबीचं अडॅप्टर मिळतं, आर्डुइनोवर बेतलेलं स्वस्तातलं हौशींनी केलेलंही आहे, आणि पायथॉनच्या दहा ओळींत ते बोलू लागतं. फक्त त्याचं प्रोग्रॅमिंग मॅन्युअल कोणाच्या कपाटात आहे ते आजच शोधा आणि स्कॅन करून ठेवा.