मोरपिसाचा रंग उतरेल का?

पावसाळा सरत आला की मोर आपली पिसे गाळतात. आमच्या हॉस्टेलमागच्या झाडीत सहावीच्या एका कॅडेटला असेच एक पीस सापडले. तो सातारा जिल्ह्यातला. इतरांसमोर तो मला ‘सर’ म्हणतो, दोघेच असलो की ‘दादा’. बहिणीने पोस्टाने राखी पाठवली होती. तिला ओवाळणी म्हणून हे पीस पाठवायचा त्याचा बेत होता. त्याने विचारले, “दादा, घरी पोचेपर्यंत याचा रंग उतरणार नाही ना?” मी ऐटीत सांगून टाकले, “रंगच तो, कधीतरी उतरणारच!” त्याचा चेहरा पडला.

दुसऱ्या दिवशी मी फिजिक्सच्या सरांना विचारले. त्यांनी पीस खिडकीशी धरून पलीकडच्या उजेडाकडे बघायला सांगितले. निळा-हिरवा रंग गायब! उरले नुसते तपकिरी पीस. मग सरांनी त्यावर स्पिरिटचा एक थेंब टाकला. रंग बदलून मंद झाला आणि स्पिरिट उडून जाताच पूर्ववत झाला. रंगद्रव्य असे जात-येत नाही. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६६५ सालीच नोंदवले होते की, मोराचे पीस ओले केले की त्याचे रंग नाहीसे होतात. म्हणजे माझे उत्तर चूक होते.

मग रंग येतो कुठून? पिसाच्या दांड्याला धागे असतात आणि धाग्यांना त्याहून बारीक तंतू. या तंतूंच्या आत मेलॅनिन नावाच्या काळपट द्रव्याच्या सूक्ष्म कांड्या ओळीने मांडलेल्या असतात आणि मधेमधे हवेची पोकळी असते. निळ्या भागात दोन कांड्यांमधले अंतर सुमारे १४० नॅनोमीटर असते, पिवळ्या भागात ते थोडे जास्त असते. माणसाच्या एका केसाच्या जाडीत अशा शेकडो रांगा मावतील!

प्रकाश ही लाट आहे. कांड्यांच्या प्रत्येक रांगेवरून थोडा प्रकाश मागे फिरतो. रांगांमधले अंतर ज्या रंगाच्या तरंगलांबीला जुळते, त्या रंगाच्या परतणाऱ्या लाटा परेडमधल्या स्क्वॉडसारखा एकमेकींशी कदम मिळवतात आणि तो रंग झळकतो. बाकीच्या रंगांचे कदम जुळत नाहीत. ते आत जातात आणि त्यांतला बराच भाग मेलॅनिन शोषून घेते. स्पिरिटने हवेची जागा घेतली की हिशेब बदलतो, म्हणून रंगही बदलतो.

अशा नियमित रचनेला फोटॉनिक क्रिस्टल म्हणतात. १९८७ साली एली याब्लोनोविच आणि भारतीय वंशाचे सजीव जॉन यांनी स्वतंत्रपणे, पण एकाच वर्षी, एक कल्पना मांडली. रचना तिन्ही दिशांना काटेकोर असेल आणि योग्य पदार्थांची असेल, तर ठरावीक तरंगलांबीच्या प्रकाशाला आत कोणत्याच दिशेने जाता येणार नाही. जणू त्याला प्रवेशबंदीच!

गंमत पुढे आहे. ड्रिलमध्ये माणसे कमी पडली की आपण ब्लँक फाइल ठेवतो. क्रिस्टलमध्येही मुद्दाम एखादी जागा रिकामी ठेवली, तर प्रकाश तिथे अडकतो, कारण चारी बाजूंना बंदी असते. रिकाम्या जागांची रांग ठेवली, तर त्या वाटेने प्रकाश वळवता येतो.

पण क्रिस्टल कुठेतरी संपणारच. त्याचा पृष्ठभाग म्हणजे रांग तुटण्याची जागा. तिथून प्रकाश निसटेल असे आपल्याला वाटते. २००९ साली जपानच्या क्योतो विद्यापीठातील केंजी इशिझाकी आणि सुसुमु नोदा यांनी नेमक्या याच जागी प्रकाश धरून दाखवला. त्यांचा क्रिस्टल सूक्ष्म पट्ट्यांचा होता. रचलेल्या लाकडांसारखा, एक थर उभा तर एक आडवा. आत जायला बंदी. बाहेर जावे, तर पृष्ठभागालगतची लाट इतकी हळू चालते की हवेतल्या लाटेशी तिचे कदम जुळत नाहीत. म्हणून प्रकाश पृष्ठभागाला चिकटून चालतो. तिथल्या रचनेत एका ठिकाणी छोटासा बदल केला, तर तो त्याच ठिकाणी काही काळ थांबतो. अर्थात हा काळ सेकंदाचा अतिसूक्ष्म भाग असतो. धातूच्या पृष्ठभागावरही प्रकाश असा चिकटतो, पण धातू त्याला शोषून घेतो. या प्रयोगातला अवरक्त प्रकाश क्रिस्टल जवळजवळ शोषत नाही.

याचा उपयोग काय? पृष्ठभागालगतच्या प्रकाशाला तिथे येऊन चिकटलेला रेणूसुद्धा जाणवतो. म्हणून अशा पृष्ठलाटांवर चालणारे, रक्तासारख्या नमुन्यातील रेणू ओळखणारे संवेदक तयार करण्यावर संशोधन चालू आहे.

त्या संध्याकाळी मी ज्युनियरला शोधून काढले आणि सांगितले, “काल मी चुकीचे सांगितले. या निळ्या रंगाला उतरायला रंगद्रव्यच नाही, सगळी करामत रचनेची आहे. ती मोडू नये म्हणून पीस मात्र चुरगळू देऊ नकोस.” आम्ही दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवून ते पाठवले. परवा बहिणीचे पत्र आले. तिने पीस खिडकीत धरून पाहिले होते आणि विचारले होते, “रंग जातो कुठे?” हे उत्तर ज्युनियरने माझ्यावर सोपवले आहे. या वेळी मी आधी नीट विचारून घेतले आणि मगच लिहायला बसलो.