सरासरी उतारा आणि टेक्सासमधल्या शाळा



या पानावर आपण एरवी लागण, खोडवा, बेणे आणि खतमात्रा याबद्दल बोलतो. या अंकात विषय जरा वेगळा आहे. गटसभेत ऊसदराचे बोलणे संपले की हल्ली हमखास वस्तीवरच्या शाळेचे निघते. पत्रा गळतो, वीजबिल थकते, पैसा आणायचा कुठून? शेतकी खात्याचा माणूस यात काय सांगणार, असे कुणी म्हणेलही. पण हिशेब तो हिशेब, उसाचा काय नि शाळेचा काय.

आपली एफआरपी ठरते ती सबंध कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर. काळ्या रानातला ऊस आणि माळावरचा ऊस काट्यावर एकाच दराने जातो. तोडणी-वाहतुकीचा खर्चही सरासरीनेच पडतो. कारखान्याच्या दारातले सभासद यावर कुरकुरतात, ते मी दर हंगामात ऐकतो, आणि ते अगदीच खोटे आहे असेही नाही. पण समजा, उद्या ठरले की ज्या गटाचा उतारा त्या गटालाच दर. माळावरचा गट दोन हंगामांत ऊस मोडून टाकील.

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात शाळांचा कारभार नेमका असा गटागटाने चालत होता. तिथला ‘शाळा जिल्हा’ आपल्या महसुली जिल्ह्यासारखा नव्हे. एखाद्या गटाएवढासुद्धा असू शकतो. त्याचे निवडून दिलेले मंडळ असते आणि ते आपल्या हद्दीतल्या घर-जमिनीवर कर बसवून शाळा चालवते. राज्य सरकार वरून काही घालते, पण मोठा फरक पडतो तो स्थानिक करामुळे.

सॅन अँटोनिओ या एकाच शहरातले १९६७-६८ चे आकडे पाहा. एजवुड हा मजुरांचा, बहुतेक मेक्सिकन वंशाच्या लोकांचा भाग. तिथे १०० डॉलरच्या मालमत्तेवर १ डॉलर ५ सेंट कर होता. अलामो हाइट्स हा श्रीमंतांचा भाग, तिथे ८५ सेंट. म्हणजे गरिबांवर कर जास्त! आणि त्यातून विद्यार्थ्यामागे वसूल किती? एजवुडला २६ डॉलर, अलामो हाइट्सला ३३३. कारण उघड आहे. एजवुडमध्ये दर विद्यार्थ्यामागे मालमत्ताच होती ५,९६० डॉलरची, तिकडे ४९ हजारांच्या वर. राज्याची आणि केंद्राची मदत मिळवूनही एजवुडच्या पोराला ३५६ आणि तिकडच्या पोराला ५९४. रानच हलके, तिथे नांगर कितीही खोल घाला.

मे १९६८ मध्ये एजवुडच्या हायस्कुलातली मुले वर्ग सोडून मोर्चाने बाहेर पडली. पुरेसे पात्र शिक्षक नाहीत, साहित्य नाही, इमारत मोडकळीला आलेली. त्याच जुलैत हवाई दलाच्या तळावर पत्राकाम करणारे डिमेट्रिओ रॉड्रिग्ज आणि इतर पालक कोर्टात गेले. १९७१ साली खालच्या कोर्टात ते जिंकले. मार्च १९७३ मध्ये सुप्रीम कोर्टात हरले, तेही ५ विरुद्ध ४ अशा एका मताने. शिक्षण हा तिथल्या राज्यघटनेतला मूलभूत हक्क नाही, असे बहुमताने ठरले.

लोकांनी मग वाट बदलली. टेक्सासच्या स्वतःच्या राज्यघटनेत मोफत शाळांची ‘कार्यक्षम’ व्यवस्था करणे हे विधिमंडळाचे कर्तव्य म्हटले आहे. त्या एका शब्दावर १९८४ साली राज्याच्या कोर्टात दावा लावला. एजवुडबरोबर दाव्यात रिओ ग्रांदे खोऱ्यातले ब्राऊन्सव्हिलही होते. (हे खोरे उसाचे. तिथे सांता रोझा गावी ऊस उत्पादकांचा सहकारी साखर कारखाना होता. पाण्याअभावी तो २०२४ साली बंद पडला. ही बातमी वाचून मला आपलाच एखादा कारखाना गेल्यासारखे वाटले.) ऑक्टोबर १९८९ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाचे नऊच्या नऊ न्यायाधीश एकमताने म्हणाले की ही व्यवस्था घटनेला धरून नाही. तोवर सर्वांत श्रीमंत आणि सर्वांत गरीब शाळा जिल्ह्यांच्या मालमत्तेतले अंतर ७०० पटींवर गेले होते.

पुढे १९९३ साली कायदा झाला. श्रीमंत जिल्ह्याच्या कराचा ठराविक मर्यादेवरचा भाग काढून घ्यायचा आणि गरिबांकडे वळवायचा. म्हणजे आपल्या सरासरीसारखेच काहीतरी. श्रीमंतांनी त्याला ‘रॉबिन हूड’ असे टोपणनाव दिले. सगळेच सुरळीत झाले असे नाही. ह्यूस्टनमध्ये गरीब मुले पुष्कळ, पण शहरातल्या जमिनीला भाव आल्यामुळे त्या शाळा जिल्ह्यालाही पैसे भरायची वेळ आली. मालमत्ता मोजली, पोरांची गरज मोजली नाही, की असे व्हायचेच.

आपल्याकडे जिल्हा परिषद शाळेतल्या गुरुजींचा पगार सरकारी अनुदानातून होतो. गाव गरीब म्हणून तो कमी होत नाही, ही मोठी गोष्ट आहे. २००२ च्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वयाच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्कही मिळाला. आपली अडचण पगाराबाहेरची. समग्र शिक्षा योजनेत ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १० हजार रुपये आणि ३१ ते १०० पटाला २५ हजार, असा निकष आहे. विद्यार्थ्यामागे भागले तर लहान शाळेला उलट जास्त मिळते असे दिसेल. पण पट ८ असो की २८, पत्रा तेवढाच, विजेचा आकारही जवळपास तेवढाच. आमच्या वस्त्यांवरच्या शाळा नेमक्या याच खालच्या पायरीवर बसतात.

मागणी करायची तर कागद हाताशी आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, आणि एकूण निम्म्या महिला. कलम २२ प्रमाणे या समितीने शाळा विकास आराखडा करायचा आणि सरकारने अनुदानाचा आधार तोच धरायचा आहे. ‘इमारत दुरुस्त करावी’ एवढेच त्यात लिहून भागत नाही. किती पत्रे, किती फूट भिंत, वर्षाचे वीजबिल किती, पिण्याचे पाणी किती अंतरावरून येते, आणि या सगळ्याला पैसे किती आले व किती कमी पडले, हे आकड्यात लिहावे. एजवुडचे लोक २६ आणि ३३३ हे आकडे घेऊन कोर्टात गेले होते.

ज्या गावांना मोजमापाला माणूस हवा असेल त्यांनी गट ऑफिसला निरोप द्यावा. लागणीच्या नोंदी उरकल्या की शेतकी सहाय्यक टेप घेऊन येतील.

— ऊस विकास अधिकारी