विश्लेषण : आधार माहेरचा, मग हक्क कुणाचा?

अडचणीच्या वेळी घरातला पुरुष कुणाकडे जातो आणि बाई कुणाकडे? मेढा परिसरासारख्या डोंगरी भागात या दोन वाटा वेगळ्या आहेत. त्याचा परिणाम थेट जमिनीच्या मालकीवर होतो.

पुरुषांचा आधार कोणता?

मेढा हे जावळी तालुक्याचे मुख्य ठिकाण. शेती तुकड्यांची, पावसावरची. त्यामुळे इथली अनेक घरे पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या कमाईवर चालली. कुणी गिरणीत लागले, कुणी माथाडी कामगार झाले. शेजारच्या पाटण तालुक्यातील अण्णासाहेब पाटील यांनी माथाडींची संघटना उभी केली आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. मुंबईत राहायला गावाची खोली, काम मिळवून द्यायला गाववाला आणि अडीनडीला ग्रामस्थ मंडळ. गावात भावकी आणि विकास सोसायटी. या जाळ्याला नाव आहे, पदाधिकारी आहेत आणि बहुतेक ठिकाणी कागदही आहे.

महिलांचा आधार कुठला?

पुरुष मुंबईला गेल्यावर शेती, गुरे, म्हातारी माणसे आणि मुलांची शाळा बाईवर आली. भातलावणीला मजूर परवडत नाहीत, म्हणून पैरा चालतो. आज तुमच्या खाचरात, उद्या आमच्या. आजारपणात शेजारीण, बाळंतपणात आई आणि मोठ्या संकटात भाऊ. हा आधार घर चालवतो, पण त्याची कुठेच नोंद नसते.

बचत गटांनी काय बदलले?

गटात साधारण १० ते २० महिला असतात. दरमहा बचत होते, त्यातूनच कर्ज दिले जाते. १९७५ मध्ये स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ आणि पुढे ‘उमेद’ अभियान यांनी हे गट बँकांशी जोडले. याच जिल्ह्यात, म्हसवडला १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक सुरू झाली.

महिला एकत्र आल्या की ताकद पैशापुरती राहत नाही. जावळी तालुक्यातील महिलांनी ‘आडवी बाटली’च्या मतदानाने परवानाधारक दारू दुकाने बंद पाडली. त्यासाठी झालेल्या मतांपैकी नव्हे, तर एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते लागतात. घरोघरी जाऊन महिलांना मतदानाला आणल्याशिवाय हा आकडा गाठता येत नाही.

मग अडते कुठे?

सातबाऱ्यावर. पीककर्ज, सोसायटीचे सभासदत्व, नुकसानभरपाई हे सगळे खातेदाराला मिळते. शेती बाई कसते, पण खातेदार बहुधा पती किंवा सासरा असतो.

माहेरच्या जमिनीत महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलीला मुलाइतकाच वाटा दिला. २००५ मध्ये वडील हयात नसले तरी हा हक्क राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. तरीही वारसनोंद झाली की अनेक बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात. कायदा माहीत नसतो म्हणूनच असे होते असे नाही. नवऱ्याने टाकले, आजारपण आले, तर माहेरचे दार उघडे राहावे, ही त्यामागची भीती असते. वाटा मागितला तर भाऊबीज तुटेल, असे तिला वाटते. म्हणजे आधार टिकवण्याची किंमत ती जमिनीने मोजते. भावाला मात्र असा हिशेब करावा लागत नाही.

काय करता येईल?

हक्कसोडपत्र नोंदवले की ते फिरवणे फार अवघड असते. त्यामुळे सही करण्याआधी स्वतंत्र सल्ला घ्यावा. सही करण्याची सक्ती कुणालाही करता येत नाही. बहिणीने हिस्सा ठेवून जमीन भावाकडे कसायला देणे, हाही मार्ग आहे. सासरी ‘लक्ष्मी मुक्ती’ योजना आहे. १९९२ पासूनच्या या योजनेत पतीने अर्ज केल्यास त्याच्या हयातीतच पत्नीचे नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर लागते.

बचत गटाच्या बैठकीत हप्त्यांसोबत सातबाराही वाचला गेला, तर निदान सही करण्यापूर्वी सल्ला विचारायला बाईला भावाशिवाय आणखी चार जणी असतील.