इग्निशन टायमिंग: आधी काय स्थिर ठेवायचं?

पौड सोडून ताम्हिणी घाटाकडे निघालेली जुनी प्रीमियर पद्मिनी चढावर, वरच्या गिअरमध्ये, टकटक वाजू लागते. याला नॉकिंग म्हणतात. टायमिंग जास्त ‘पुढे’ असणं, म्हणजे ठिणगी फार लवकर पडणं, हे त्याचं एक नेहमीचं कारण.

मुळात ठिणगी पिस्टन वर पोचण्याआधी का पाडतात? कारण मिश्रण एका क्षणात जळत नाही. जळायला २ मिलिसेकंद लागतात असं धरू. १००० आरपीएमला क्रँक तेवढ्यात १२ अंश फिरतो, ३००० ला ३६ अंश. म्हणून वेग वाढला की ठिणगी आणखी आधी हवी. (प्रत्यक्षात वेगाबरोबर ज्वालाही जलद पसरते, त्यामुळे वाढ इतकी नसते.) हे काम डिस्ट्रीब्युटरमधली फिरती वजनं करतात. आपण फक्त सुरुवातीचा कोन ठरवतो.

आता तो मोजायचा कसा? क्रम असा:

१. इंजिन गरम करून बंद करा. फीलर गेजने पॉइंटची गॅप कंपनीच्या मापाला आणा.
२. व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करा.
३. इंजिन चालू करून आयडलिंग ठरलेल्या आरपीएमवर आणा.
४. पहिल्या सिलिंडरच्या वायरला टायमिंग लाइट लावा. प्रत्येक ठिणगीला प्रकाश पडतो, म्हणून फिरत्या पुलीवरची खूण थांबल्यासारखी दिसते.
५. डिस्ट्रीब्युटर किंचित फिरवून खूण जुळवा, बोल्ट आवळा, पुन्हा तपासा आणि नळी परत जोडा.

गॅप आधीच का? ती वाढली की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग आपोआप पुढे सरकतं. टायमिंग आधी आणि गॅप नंतर लावली, तर पहिलं माप वाया गेलं. नळी आणि आरपीएमचंही तेच: तिन्ही गोष्टी एकाच कोनावर परिणाम करतात, म्हणून आधी त्या तिन्ही बांधून मगच डिस्ट्रीब्युटर हलवायचा.

पुण्यात १९६६ साली स्थापन झालेल्या एआरएआयसारख्या संस्थांमध्ये इंजिन डायनॅमोमीटरवर चालवून तपासतात. वेग आणि थ्रॉटल स्थिर ठेवून कोन बदलत टॉर्कचा आलेख काढला, तर त्याचा माथा सपाट दिसतो. एक-दोन अंश मागे राहिलो तर नुकसान थोडंच, पुढे गेलो तर नॉकिंग आणि पिस्टनला धोका. म्हणून सेटिंग माथ्याच्या किंचित अलीकडे ठेवणं शहाणपणाचं.

तुमच्या प्रयोगातली ‘पॉइंटची गॅप’ कोणती? पहिलं रीडिंग घेण्याआधी वहीत लिहून ठेवा.