स्लिपवरचे दोनशे रुपये

पगाराच्या स्लिपवर कपातीच्या रकान्यात 'पी. टी.' असतं आणि त्यापुढे 200. व्यवसाय कर. फेब्रुवारीत तो 300 होतो, कारण अकरा महिन्यांचे 2,200 आणि हे 300 मिळून वर्षाचे 2,500 भरतात. राज्यघटनेच्या 276व्या कलमाने या कराला तेवढीच कमाल मर्यादा घातली आहे.

हे पैसे मुळात कशासाठी कापायला लागले, ते कळलं त्या दिवशी मी ती स्लिप पुन्हा उघडून पाहिली.

1973च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातली जवळपास 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. खडी फोडायची, माती वाहायची, सुकडीवर दिवस काढायचा. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे त्याआधीपासूनच एक गोष्ट धरून बसले होते: जो काम मागेल त्याला सरकारने काम द्यायचं. त्यांच्या तासगाव तालुक्यात त्याचा छोटा प्रयोगही झाला होता. प्रश्न पैशाचा होता. 1975 साली व्यवसाय कर लागला. पगारदार, डॉक्टर, वकील, व्यापारी यांनी थोडं थोडं द्यायचं, आणि त्यातून जेवढं जमा होईल तेवढीच भर सरकारने घालायची. इतरही कर होते, पण मोठा आधार याचा. 1977च्या कायद्याने काम मागणं हा हक्क झाला. देशाने असा कायदा केला तो 2005 साली!

कर म्हणजे सुसंस्कृत समाजात राहण्याची किंमत, असं म्हणतात. मला 'किंमत' हा शब्द इथे तोकडा वाटतो. किंमत मोजली की पिशवीत काहीतरी पडतं. दादरच्या कारकुनाच्या पिशवीत काय पडलं? त्याच्या पैशातून माण तालुक्यातल्या एका बाईचं नाव हजेरीपटावर चढलं आणि तिला घर सोडून मुंबईच्या फुटपाथवर यावं लागलं नाही. दोघांची कधी गाठ पडली नाही.

रास्तपणाचं म्हणाल, तर महिना पंधरा हजार मिळवणारा पुरुष 2,500 भरतो आणि कोट्यधीशही तेवढेच. हे मला पटत नाही. 1988 पासून ती मर्यादा हललेली नाही. हजेरीपटावर खोटी नावंही चढली, आणि तो पैसा कष्टाचा होता म्हणून त्याचा राग जास्त येतो.

तरी त्या कामांतले पाझर तलाव बघावेत. साधा मातीचा बांध, वर दगडांचं पिचिंग. त्यातलं पाणी कालव्याने कुणाच्या शेतात जात नाही. ते तिथेच मुरतं, आणि पुढे उन्हाळ्यात खालच्या अंगाच्या विहिरींना उतरतं. कुठल्या विहिरीला किती, ते बांधणाऱ्यालाही सांगता येत नाही.